आप्पांनी न सांगितलेला ओटीपी

आप्पा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्या ओटीपीची आठवण निघाली की माझं डोकं अजून तापतं.

मी जर्मनीला शिकायला निघाले तेव्हा खातं आपल्या दोघांच्या नावावर होतं. माझं सिम तिकडे चालणार नव्हतं, म्हणून नंबर तुमचा जोडला. नारायणगावच्या शाखेतल्या साहेबांनी तुम्हाला समोर बसवून बजावलं, की मोबाईलवर येणारा आकडा कोणालाही सांगायचा नाही, घरच्यांनासुद्धा नाही. साहेब बोलून मोकळे झाले. पण आपण हे कोणाला सांगतोय, याची त्यांना काय कल्पना! आपली मेंढरं किती, हे तुम्ही सख्ख्या मेव्हण्यालाही कधी सांगितलं नाहीत. नजर लागते म्हणे. कोणी विचारलंच तर "हायेत की धा-पाच" म्हणून तंबाखू मळत बसायचात.

फी भरायचा शेवटचा दिवस. ती चुकली तर नाव कटणार, नाव कटलं तर व्हिसा जाणार, हे मी आठवडाभर तुमच्या कानीकपाळी ओरडत होते. मी तिकडे लॅपटॉपसमोर, तुम्ही वारूळवाडीला ओट्यावर. मेसेज आल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू येतो.

"आप्पा, आकडा वाचा."

"आलाय की."

"अहो, वाचा ना मग."

"साहेब न्हाई म्हनलाय, बाय. घरच्यान्लाबी न्हाई."

"मीच मागतेय, आप्पा. खातं माझंच आहे."

"आवाज तुझाच वाटतोय. पन लोकं लई आवाज काढत्यात. आपली लंगडी मेंढी कशानं लंगडी झाली, सांग बरं."

परदेशात बसून, रडत, मी तुम्हाला सांगितलं की ती विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती. "बराबर," तुम्ही म्हणालात. "तरीबी साहेबाला इचारून येतो." आणि चपला घालून चालत शाखेत गेलात. साहेब जेवायला गेलेले. ते येईपर्यंत तुम्ही बाकड्यावर बसून राहिलात आणि तो आकडा केव्हाच बाद झाला. शेवटी साहेबांनीच तुमच्या फोनवर मला हसत हसत नवा आकडा वाचून दाखवला, तेव्हा मुदत संपायला जेमतेम वीस मिनिटं उरली होती. मी तुम्हाला म्हणाले, तुमचा पोटच्या पोरीवर भरवसा नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "भरली ना फी?" पुढे दोन महिने मी तुमच्याशी धड बोलले नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी मला एक फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणाला, फार अदबीने बोलत होता, खातं बंद पडेल म्हणाला. मी ऑफिसच्या गडबडीत होते. आकडा आला आणि मी तो वाचून दाखवला. त्याला दुसऱ्यांदा मागावाही लागला नाही. लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेलं सगळं दोन मिनिटांत गेलं. स्वतःचा इतका राग आलाय, की घरात कोणाशी नीट बोलवत नाही.

हे कोणी वाचणार नाही, म्हणूनच लिहितेय. घरी मी सांगितलंय की चूक बँकेची आहे, तपास चालू आहे. लेक रोज शाळेतून आली की विचारते, पैसे आले का.