तारांवरचा पंजा

अण्णा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र पाठवायचं कुठं हा प्रश्नच उरत नाही. जिवंत असता तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं, आणि "पुढं काय लिहिलंय ते बोल की, खोकतो काय नुसता" म्हणून त्या वाचणाऱ्याला दटावलं असतं. मीही चौथीपर्यंतच शिकले. वेलांट्या माझ्या जिकडं जागा मिळेल तिकडं बसतात. तरी लिहायला घेतलं, कारण तोंडानं बोलायला गेले की मी भांडते, आणि बापाशी भांडायचं तेवढं मी भांडून घेतलं आहे.

झालं असं. तुमची पणती नांदेडला नर्सिंग शिकते, ती सुटीला इथं लातूरला आली. मी भाकरी थापत होते. ती ओट्यावर चढून बसली, बसू नको म्हणून रोज सांगते तरी, आणि मोबाईलवर एक गाणं लावलं. अमेरिकेतलं, तुमच्या जवानीच्या वेळचं. एक बाप्या अंगात आल्यासारखा गात होता आणि त्याच्या मागं कुणीतरी तारेवर थाप मारत होतं. तार आणि लाकूड दोन्ही एकाच फटक्यात. माझी भाकरी हातातच राहिली. "हे काय गं?" म्हणलं. "रॉकाबिली," ती म्हणाली. मला ते वाण्याच्या बरणीतल्या गोळीचं नाव वाटलं. म्हणलं, "तुझा पणजा हेच वाजवायचा." ती इतकी हसली की ओट्यावरून पडायची. "आजी, मुखेडमध्ये? रॉकाबिली?" "का गं, मुखेडात काय नुसती ढोरं राहतात?" म्हणलं. मग ती गंभीर झाली. "रेकॉर्डिंग असेल ना काहीतरी? ऐकव ना." तिथं माझं तोंड बंद झालं. माझं तोंड बंद होणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

रेकॉर्डिंग नाही. तुमच्या वाजवण्याची एक कॅसेट या जगात नाही, आणि का नाही ते मला ठाऊक आहे. पोरीला मी तुमची गोष्ट सांगितली, पण सांगण्यासारखी होती तेवढीच.

हलगीपासून सुरू केलं. आज्याची हलगी आपल्या घरात खुंटीला असायची. गावात कुणाचं लग्न निघो, कुणाचं मढं उठो, कुणाचा बैल पोळ्याला मिरवो, बोलावणं आलं की जायचं आणि लोकांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून वाजवायचं. वाजवून झालं की ओंजळीत काय पडेल ते घेऊन यायचं. मग बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि वस्तीनं ठरवलं, हे वाजवणं आजपासून बंद. हलग्यांचा ढीग करून जाळला. तुम्हाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. आज्याचा हात उचलेना, म्हणून त्याची हलगी तुम्ही टाकलीत जाळात. त्याचा पस्तावा तुम्हाला कधी झाला नाही. एवढंच म्हणायचात, "हलगी टाकली. हात कुठं टाकू?" खरंच, ते हात गप बसत नव्हते. मांडीवर, बाजेच्या माच्यावर, भाकरीच्या टोपल्यावर. आई ओरडायची, "अन्नावर वाजवू नगा वो!"

मग मुदखेड. जंक्शनवर तुम्ही इंजिनात कोळसा भरायला लागलात. तिथला तो सिकंदराबादचा ड्रायव्हर, रंगानं आपल्यासारखाच, पण घरात इंग्रजी बोलायचा आणि रविवारी बायकोला घेऊन चर्चला जायचा. त्याच्या क्वार्टरात चावीचा फोनो होता. तो तबकडी लावायचा आणि तुम्ही पाळी संपवून, तोंडाला काळं तसंच, खिडकीखाली उभे. एकदा त्यानं आत घेतलं आणि गिटार हातात दिली. डाव्या हाताची बोटं कुठं ठेवायची ते तुम्हाला कळेना, म्हणून उजव्या हातानं तुम्ही आपली हलगीच वाजवली. जाड तारेवर अंगठा, लाकडावर तळवा. ड्रायव्हरची बायको स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातानं बाहेर आली, हे तुम्ही रंगवून सांगायचात. बदली झाली तेव्हा तो म्हणाला, "लेके जा रे. तेरे हाथ में जास्ती बोलती." पोटाला चीर गेलेली गिटार. तार तुटली की तुम्ही सायकलच्या ब्रेकची तार उकलून लावायचात, आणि मग आपली सायकल उतारावर पायानं थांबवायची.

पहिल्या जयंतीला ती घेऊन गावात आलात तेव्हा म्हातारे चिडले होते. "ही इंग्रजी हलगी कशाला आणली रे?" मुखेडच्या बाजारात कल्हई करणारे चाचा ढोलकीवर बसले, तुम्ही उभ्यानंच वाजवायला लागलात, आणि तीच नेहमीची जयंतीची गाणी अशी पळायला लागली की धोतरं सावरत तेच म्हातारे उठले. पुढं उदगीर, रेणापूर, पार नांदेडपर्यंत बोलावणी. गिटारवाले आले, म्हणायचे. चाचा तुमच्या केसांना तेल लावून कपाळावर कोंबडा काढून द्यायचे, तुम्ही मग मान हलवायला भ्यायचात. आई म्हणायची, "आरवून झालं की उतरवा तो, शेण उचलायचं हाय." कोळशाचं काम सुटलं ते त्याच नादात. मी लहान होते, मला वाटायचं सगळ्यांचेच बाप असे असतात.

इथपर्यंत पोरीला सांगितलं. पुढचं नाही.

तो मोठा दुष्काळ पडला. विहिरीत उतरून वाटीनं पाणी खरवडायची पाळी आली, तिथं गाणाऱ्याला कोण बोलावतो? आपण सगळे तळ्याच्या कामावर. मी मातीच्या पाट्या वाहते, तुम्ही खडी फोडता, आई मुकादमाशी भांडते. दुपारी खायला सुकडी वाटायचे, ओंजळीत घ्यायची आणि मिळेल त्या सावलीला बसायचं. माणसांच्या तोंडावर माती बसून सगळी एका कुंभारानं केल्यासारखी दिसायची. त्या दिवशी तुम्ही गिटार आणली होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या, तरी वाजवायला लागलात. आधी कुणी मान वर केली नाही. मग एक म्हातारी उठली, ओंजळीत सुकडी तशीच, आणि कमरेतून हालायला लागली. मग दुसरी. "सांडू नगं गं, उद्या भेटंल न भेटंल," म्हणून एकमेकींना हसत होत्या. मुकादम शिट्टी तोंडात धरून फुंकायचा विसरला.

आणि बाभळीखाली ते उभे होते. मला बघायला आलेले, रेणापूरकडचे गुरुजी, पुढं माझे सासरे झाले ते. आपल्यातलेच, पण पांढरा सदरा, आणि काखेत छत्री. त्या दुष्काळात छत्री! घराला कुलूप दिसलं म्हणून विचारत विचारत कामावर आलेले. मी त्यांना पाहिलं आणि मला वाटलं, संपलं. शाळेत शिकवणारा माणूस, काय म्हणेल? यांनी धर्म घेतला पण धंदा सोडला नाही, असंच ना? मी पाटी आपटली आणि सगळ्यांच्या देखत ओरडले, "बंद करा अण्णा! पुन्हा हलगीच वाजवायची होती तर जाळली कशाला?"

दुसरं काहीही बोलले असते तर तुम्ही हसून सोडलं असतं. माझ्या जिभेची तुम्हाला सवय होती. पण मी नेमकं ते बोलले. तुम्ही तारांवर पंजा ठेवलात, सपाट, जसा तापलेल्या पोराच्या छातीवर ठेवतात. तारा गप झाल्या. माझ्याकडं पाहिलं नाहीत, त्या पंजाकडंच पाहिलंत. "बरं माय," म्हणालात. आई म्हणाली, "जीभ हाय का विळा हाय गं तुझी?" आणि तुम्ही तिलाच गप केलं.

सोयरीक जमली. लग्नात मी पांढऱ्या साडीत बसले होते आणि तुम्ही टँकरचं पाणी पाहुण्यांना वाटत फिरत होता. चाचा ढोलकी घेऊन आले होते, ती कोपऱ्यात झाकलेलीच राहिली. त्यांनी तुम्हाला खुणेनं विचारलं, तुम्ही नको म्हणून मान हलवली. मला ते दिसलं. पुढं मी माहेरी यायची तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच तुमचा आवाज ऐकू यायचा, आणि मी दारात पाय ठेवला की पंजा. रागानं नाही. पाहुणा आला की माणूस बिडी विझवतो, तसं. "आलीस व्हय? चहा टाकायला सांग तुझ्या आईला." मी कधी म्हणले नाही, की वाजवा. एवढं बोलते मी, तेवढा एक शब्द निघाला नाही.

मग लातूर जिल्हा झाला. काय ती मिरवणूक! आपल्या लोकांचा एक ट्रक होता, त्यावर तुम्ही आणि चाचा. मी दोन पोरं घेऊन कोपऱ्यावर उभी. तुमच्या डोक्यावरचा कोंबडा पांढरा झालेला, पण उभाच होता. ट्रकापुढं पोरं नुसती उसळत होती. लुगडी नेसलेल्या बाया उसळत होत्या. आणि तुमची नजर माझ्यावर पडली. पंजा. गाणं मधेच तुटलं. "अरे बजा ना भाई, क्या हुआ?" चाचा ओरडले. लोक ओरडले. तुम्ही माझ्याकडंच पाहत होता, अण्णा, आणि ते पाहणं विचारणारं होतं. जिल्हा नवा झाला, पोरगी दोन लेकरांची आई झाली, आता चालेल का? मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी पदर पुढं ओढला आणि खाली वाकून पोराचं नाक पुसत बसले. नाक स्वच्छ होतं. ट्रक पुढं गेला, नुसती ढोलकी वाजत.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाला चाचा आले होते. त्यांनी बोलता बोलता सांगितलं, की त्या मिरवणुकीनंतर लातूरचा एक कॅसेटवाला तुमच्या घरापर्यंत आला होता. असा हात मी ऐकला नाही, म्हणाला, टेप करू. चाचांनी तर नवा सदरा शिवायला टाकला. तुम्ही नाही म्हणालात. "लातुरात पोरगी राहती. दुकानात लागलं तर तिच्या कानावर जाईल." चाचा हे मला टोचायला सांगत नव्हते, तुमच्या मायेची गोष्ट म्हणून सांगत होते. मी उठून भांडी घासायला गेले. गिटार आईनं त्यांनाच देऊन टाकली. त्यांच्या माघारी तिचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला एक सांगत आले, की ते सगळं सासऱ्यांच्या भीतीनं झालं. शिकलेलं घर, त्यांना वाजवणारा व्याही चालला नसता. बरं होतं ते, पाठ टेकायला भिंत होती. मग सासरे अगदी थकले, मी त्यांना पेज भरवत होते, आणि ते एकदम म्हणाले, "सूनबाई, तुझ्या वडिलांनी लग्नात वाजवलं का नाही गं? तळ्याच्या कामावर मी ऐकलं होतं. तिथंच ठरवलं होतं, पोरगी इथलीच करायची." चमचा माझ्या हातात. म्हणलं, "त्यांचा हात दुखत होता, मामंजी." ते म्हणाले, "अरेरे." आणि तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी.

परवा पोरीनं माझा पिच्छाच घेतला. "रेकॉर्डिंग नाही तर तूच वाजवून दाखव, कसं होतं ते." पिठाचा डबा पुढ्यात ओढून दिला. मी वाजवलं. अंगठा, तळवा, अंगठा, तळवा. बरोबर लागलं हो, अण्णा. ती म्हणाली, "आजी, अगं हेच तर!" आणि माझा पंजा आपोआप डब्यावर सपाट पडला. "थांबलीस का?" म्हणाली. "भाकरी करपून राहिली," म्हणलं. तवा चुलीवर नव्हताच.

हा कागद मी पिठाच्या डब्याखाली घालणार आहे. तिथं झुरळं येतात, ती वाचतील. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. भीती होती, लाज होती, हे खरं, पण मी ओरडले ते त्यानं नाही. गुरुजी बाभळीखाली येऊन उभे राहायच्या आधीपासून, डोक्यावर मातीची पाटी असताना, तुमच्या थापेवर माझा पाय हालत होता. ते आले, त्यांची नजर खाली माझ्या पायाकडं गेली, तरी तो हालतच होता. मी बोटं आवळून पाहिली. मला तो थांबवता येईना. म्हणून मी तुम्हाला थांबवलं.