शेवटच्या रांगेवरचा फोकस

दादास,

आधी 'तीर्थरूप' लिहवत नाही, तेव्हा एवढ्यावरच भागव.

वाटणीत बाबांची लांब पल्ल्याची लेन्स तू उचललीस आणि "हे डबडं तुला" म्हणत कॅमेरा माझ्याकडे सरकवलास. त्या जुन्या लेन्सचा फोकस मुळातच चुकायचा. बाबांनी आठवडाभर खपून आपला कॅमेरा तिच्याशी जुळवला होता. तेव्हा तू आरशापुढे भांग पाडत होतास.

तुझ्या पोरीच्या लग्नात तू ती लेन्स भलत्याच कॅमेऱ्याला लावलीस. या जातीच्या कॅमेऱ्यांत आपण लेन्समधून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. तिथं सगळं झकासच दिसतं. वर ऐट काय, तर "फोटोग्राफर कशाला? मी आहे ना!" मी सांगायला आले, तर "तू जरा मागे उभी राहा" म्हणालास.

आता फोटो पाठवून विचारतोस, लेन्सला काय झालं? "बघते" एवढंच कळवीन. हे पत्र कॅमेऱ्याच्या डब्यात राहील. पोरीचा चेहरा धुक्यात गेलाय, व्याह्यांचाही. फोकस चार हात मागे पडलाय. एकूण एक फोटोत एकच बाई पापण्यांसकट स्वच्छ दिसते, आणि ती हसतेय.

तुझी,
शेवटच्या रांगेतली धाकटी