होडी तयार आहे, गाडीचं ठरत नाही

आदरणीय दादांना, त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी सांगत होत्या की डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावल्यावर तुम्ही त्याच दिवशी गच्चीवर जाऊन टाकी धुतलीत. मी धंद्याने लिफ्ट तपासणारा माणूस, त्यामुळे जिने चढणाऱ्यांबद्दल मला मुळात फारसं प्रेम नाही, पण तुमची गोष्ट वेगळी. वहिनींचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळं ठीक. तुमची भाची कॉलेजला जाते, येते, आणि मधल्या वेळात फोनमध्ये असते. तुमची बहीण ठणठणीत आहे. मी तेवढा नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठी हे पत्र. फोनवरच बोललो असतो, पण आमच्या घरात ज्या एका कोपऱ्यात फोन नीट लागतो तिथेच नेमकी तुमची बहीण रंधा मारत बसलेली असते.

तर, होडी तयार झाली. तुमची बहीण दिवसभर लोकांच्या मोडक्या खुर्च्या आणि डुगडुगणारी टेबलं दुरुस्त करते आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये होडी बांधते, हे तुम्हाला माहीत आहेच (लहानपणी तिला वल्हवायला तुम्हीच शिकवलंत, म्हणजे या प्रकरणाचं मूळ तुमच्याकडे जातं, पण ते असो). होडी गॅरेजमध्ये आहे म्हणून आमची छोटी गाडी रस्त्यावर झोपते. मग होडीसाठी ट्रेलर आला. आता होडी ट्रेलरवर, ट्रेलर गॅरेजमध्ये आणि तळं गावाबाहेर तासाभरावर. आमच्या छोट्या गाडीला चढावर तुमच्या भाचीचं दप्तरसुद्धा जड जातं, तिच्याने होडी कुठली ओढवणार. म्हणजे मोठी गाडी घेणं आलं, आणि घोडं तिथेच अडलं आहे: मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यायची की पिकअप. तळ्यात होड्या फक्त उन्हाळ्यात सोडतात, आणि गेला उन्हाळा या चर्चेतच संपला. परवा जेवताना तुमच्या बहिणीने आवाज न चढवता सांगून टाकलं, की याही उन्हाळ्यात होडी पाण्यात गेली नाही तर ती होडी विकून टाकणार. ती बोलते ते करते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण मी जेवण अर्धं टाकून गॅरेजमध्ये होडी बघायला गेलो.

दोन्ही बाजू तुमच्यापुढे मांडतो, कारण तुम्ही आयुष्यभर ट्रक चालवलात आणि घरातल्या कुणाचीही बाजू घेत नाही. तुमच्या बहिणीचं म्हणणं, पिकअप. मागे उघडा हौदा, त्यात वल्ही टाका, दोर टाका, उरलेलं वर्षभर लाकूड आणा, गिऱ्हाइकांची कपाटं पोहोचवा. इंजिनात एवढा दम, की मागे होडी आहे हे गाडीला कळणारही नाही. माझं म्हणणं, एसयूव्ही. त्यात माणसं माणसांसारखी बसतात, सामान भिजत नाही, आणि होडी मागे नसेल त्या दिवशी (म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस) आपण मालवाहतूक करणारे दिसत नाही. (हे तुम्हाला लागू नाही, दादा. तुमचा ट्रक होता.) शिवाय रिकामी पिकअप मागून उसळते, असं मी वाचलं आहे. त्यावर तुमची बहीण म्हणाली की मीही रिकामा असलो की उसळतो. गंमत अशी, की शेवटी तिने कंटाळून एसयूव्हीला होकार दिला आणि त्याच संध्याकाळपासून मला पिकअपचे गुण दिसायला लागले. तुमची भाची याला बाबांची लोकशाही म्हणते.

एसयूव्हीच्या शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. तिथला विक्रेता फार अदबशीर होता. त्याने मला गाडीत बसवलं, सीट गरम करून दाखवली, छत उघडून आकाश दाखवलं. ओढण्याचा विषय काढल्यावर मात्र त्याने एकच प्रश्न विचारला: होडीचं वजन किती? ज्या माणसाने उभी हयात लिफ्टच्या दारावर 'इतकीच माणसं, इतकंच वजन' अशा पाट्या ठोकल्या, त्याला स्वतःच्या गॅरेजमधल्या होडीचं वजन ठाऊक नाही. तुमच्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी वजन करायला घेतलं. साधी युक्ती: होडीचं एक टोक बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवायचं, दुसरं विटेवर, मग उलट, दोन्हींची बेरीज. उचलायला शेजारचे कर्नल आले. (ते सैन्यात कधीच नव्हते. त्यांचं कापडाचं दुकान होतं. मिशांमुळे नाव पडलं आणि त्यांनी ते निमूटपणे स्वीकारलं.) पहिल्यांदा एक वजन आलं, दुसऱ्यांदा भलतंच, तिसऱ्यांदा होडी एखाद्या म्हशीएवढी भरली. मी काटा बदलला, विटा बदलल्या, लाकडाने दमटपणा ओढून घेतला असेल असा सिद्धान्तही मांडला. शेवटी तुमची बहीण चहा घेऊन आली आणि तिने कर्नलांना होडीवरचा हात काढायला सांगितलं. ते गप्पा मारताना टेकत होते, आणि रंगात आले की जास्त टेकत होते.

खरं वजन हाती आल्यावर मी रीतसर हिशोब मांडला आणि जाहीर केलं की एसयूव्हीला हे झेपणार नाही, पिकअपला कसंबसं झेपेल, पण मी सही करणार नाही. तुमच्या बहिणीने पेन्सिल कानावर अडकवली आणि ती गॅरेजमध्ये निघून गेली. मग तुमच्या भाचीने माझा कागद ओढून घेतला, फोन बाजूला ठेवला (त्यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखा) आणि विचारलं, "बाबा, होडी रस्त्यावरून ओढताना आपण तिघं तिच्यात बसलेलो असणार का?" मी होडीच्या वजनात आम्हा तिघांचं वजन धरलं होतं, वर सुरक्षेसाठी एक जाडा माणूस. लिफ्ट म्हटली की आत माणसं आलीच, हात सवयीने लिहून गेला. माणसं उतरवल्यावर होडी इतकी हलकी निघाली, की दोन्ही गाड्या तिला हसत ओढतील. पोरगी हसून हसून जमिनीवर बसली. मी पण हसलो, पण दादा, माझ्या पायाखालची फळीच कुणी काढून घेतल्यासारखं झालं. हाताशी होतं नव्हतं ते एकमेव कारण गेलं होतं.

मग मी म्हटलं, चालवून बघितल्याशिवाय कसं ठरवायचं. नळ दुरुस्त करणाऱ्याकडे पिकअप आहे, ती त्याने एका दुपारपुरती दिली. होडी जोडली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, सगळं छान. पिकअपला खरोखरच होडीचा पत्ता नव्हता. परत येताना मात्र ट्रेलर गॅरेजमध्ये उलटा घालायचा होता. आता माझ्या धंद्यात गाडी एक तर वर जाते नाहीतर खाली येते. मागे घेणे हा प्रकारच नाही. आणि ट्रेलरचं म्हणजे तुम्ही स्टिअरिंग डावीकडे फिरवा, तो उजवीकडे जातो. तुमची बहीण मागे उभी राहून हाताने खुणा करत होती, कर्नल आपणहून दुसऱ्या बाजूने वेगळ्या खुणा करत होते, आणि मी आरशात बघून दोघांचंही ऐकत होतो. होडी गॅरेजच्या दारावरून डौलात वळली आणि समोरच्या केशकर्तनालयाच्या पायरीवर चढून थांबली. दार अडलं. आतून एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावलेल्या अवस्थेत खिडकीतून बाहेर आलं, कर्नल आणि न्हावी त्याच्यासोबत ट्रेलरला भिडले आणि त्यांनी तो सरळ केला. जाताना ते गिऱ्हाईक मला एवढंच म्हणालं की होडी सुंदर आहे, ही कधी पाण्यात उतरतेय? गल्लीतल्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडला आहे.

संध्याकाळी तुमची बहीण गॅरेजमध्ये होडीच्या बाकावर बसली होती. मी दारात उभा राहून म्हणालो की उलटं घालायचा विचार केला तर लांबीने कमी असलेली एसयूव्हीच बरी पडेल. ती हातातल्या काचकागदाची घडी करत म्हणाली, "गाडीचं पुरे झालं. तुला माझ्याबरोबर यायचं नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही." मी म्हणालो, यायचं आहे. हे खरं आहे, दादा. तिला ते खरं वाटलं नाही, आणि इतके दिवस मी जे वागलो त्यावरून मलाही वाटलं नसतं.

तेव्हा तुमच्या अनुभवाने सांगा: एसयूव्ही की पिकअप? तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला विश्रांती, आणि उत्तर जमल्यास लगेच.

तुमचा,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. : दोन्ही गाड्यांत फारसा फरक नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

ता. क. २ : तुमच्या घराजवळचा जलतरण तलाव अजून चालू आहे का? विचारायचं कारण, मला पोहता येत नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला काही सुचत नाही. हे तुमच्या बहिणीला माहीत नाही. लग्न ठरवताना कुणी विचारलं नाही, आणि ती होडीची पहिली फळी कापत होती तेव्हा तिचा चेहरा बघून माझ्याच्याने बोलवलं नाही. तिला कळलं तर ती होडी आजच विकेल, आणि तेही न रागावता. मला काठावर उभं राहून तिला हात हलवायचा नाही. मला तिच्या समोरच्या बाकावर बसायचं आहे. तुम्ही तिला शिकवलंत, मलाही शिकवा. पोहणं राहू द्या, न घाबरता बसता आलं तरी पुष्कळ. तुमच्या शहरात लिफ्ट तपासायचं काम निघालं आहे असं मी घरी सांगेन.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. तुमची बहीण पिकअप घेऊन आली आहे. कुणाची, कधी ठरवली, मला काही माहीत नाही. तळं उघडेल त्या रविवारी निघायचं, म्हणाली, आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्यामुळे गाडीबद्दलचा वरचा सगळा मजकूर रद्द समजा. मी उद्या पहिल्याच बसने तुमच्याकडे येतोय. पत्र टपालाने येईल, म्हणजे ते तुमच्या हातात पडेल तेव्हा मी बहुतेक तुमच्यासमोर पाण्यात उभा असेन. तसं असेल तर दादा, हे वाचत बसू नका. पत्र बाजूला ठेवा आणि मला धरा.