शंभर माणसांचं चित्र

विश्रामबाग, सांगली
१४ नोव्हेंबर २०२४

चि. विश्वजीत,
अनेक आशीर्वाद. क्रांती आणि मुलं खुशाल असतील. फोन तू उचलत नाहीस, म्हणून साताऱ्याच्या पत्त्यावर हे पाठवतेय. आई सध्या माझ्याकडेच आहे. जिना चढताना धाप लागते, बाकी तोंड पूर्वीसारखंच चालू आहे.

माझं काम तुला माहीत आहे. लोकांना आलेख वाचता येतात का, हे तपासणारी परदेशी चाचणी मराठीत आणायची. नुसतं भाषांतर करून भागत नाही. बर्फावरून घसरून पडणाऱ्यांचा आलेख दुष्काळी माण तालुक्यात कोण वाचणार? तो काढून पाण्याच्या टँकरच्या खेपा घातल्या. साहेबांना वाटलं, झालं काम!

गेल्या आठवड्यात दहिवडीजवळच्या एका वाडीत चाचणी घेत होते. एका प्रश्नात शंभर माणसांचं चित्र आहे, दहादहाच्या ओळींत. पहिल्या ओळीतली पाच काळी, बाकी पांढरी. शंभरातल्या पाच जणांना औषध बाधलं, असा अर्थ. सुलाबाई नावाच्या बाईंना विचारलं, काय दिसतंय? म्हणाल्या, "पंगत बसलीया. पाच जणांस्नी वाढून झालंय, बाकीच्यांचं ऱ्हायलंय." मी हसले. पुढच्या बाईनंही तेच सांगितलं, तेव्हा मात्र मला हसू येईना.

कारण असंच चित्र डॉक्टरांनी आईपुढे ठेवलं होतं. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनमध्ये शंभरातले पाच दगावतात, बाकीचे घरी जातात, असं त्यांना सांगायचं होतं. आई तिथून उठली ती नकार देऊनच. आपण दोघांनी तिला हट्टी ठरवलं. आता विचारलं तर म्हणते, "आगं, पाच गेली, मग बाकीच्यांची बारी येणारच की. पंगतीतनं कोण उपाशी उठतंय?"

मग मी चित्र बदललं. माणसांच्या जागी मेंढ्या, पाच काळ्या कुठेकुठे विखुरलेल्या. मेंढ्यांना पंगत कोण घालतंय! शंभर डोंगरावर गेल्या, पाच परत आल्या नाहीत, एवढं सांगितलं आणि आईला लगेच कळलं. "ह्ये काय लय न्हाई," म्हणाली. चाचणीतला तो प्रश्न सुटला. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीखही दिली.

तारीख ऐकल्यावर तिनं पुन्हा नकार दिला.

तिनं पहिल्यांदा नकार दिला त्या दिवशी तू मला फोनवर म्हणालास, "ऐकत न्हाई तर मरू दे तिकडं." स्पीकर चालू होता, विश्वजीत. आई शेजारी भाजी निवडत बसली होती. आपण ते ऐकलंय हे तुला कळू द्यायचं नाही, असं तिनंच बजावलं होतं. काल मात्र म्हणाली, "पाचांत माझा नंबर लागला तर लागू दे. पर मग त्येच्या तोंडचा शेवटचा बोल त्योच ऱ्हाईल. त्यो जलमभर कसा सोसंल गं?"

मरणाला ती भीत नाही रे. तुझ्यासाठी अडली आहे. मला तुझा राग येतो आणि तुझी काळजीही वाटते. ये. कंपनीचं बोल, पोरांचं बोल, हवं तर मला शिव्या घाल, पण तिच्याशी काहीतरी बोल. त्याशिवाय ती ऑपरेशनला तयार व्हायची नाही.

आईचे आशीर्वाद इथे लिहीत नाही. ते येऊन घे.

तुझी
प्रियाताई