एकसष्ट बॉम्ब, तीन बदकं

कॉपर्स टाय, इसेक्स
२७ ऑगस्ट १९८४

माननीय सार्जंट लिंडक्विस्ट यांस,

तुमच्या जुन्या रंगाऱ्याचा कडक सलाम. (गुडघे आता वाकत नाहीत, पण सलाम अजून सरळ जातो.) तुमचा दमा कसा आहे? मिनेसोटाच्या थंडीत तो बरा राहतो असं तुम्ही लिहिलं होतंत, त्यावर माझ्या बायकोचा, क्वीनीचा, काडीचा विश्वास नाही. आमच्याकडे सगळं ठीक. बार्ली कापून झाली. क्वीनीच्या भोपळ्याला गावच्या प्रदर्शनात दुसरा नंबर मिळाला, आणि पहिला पाद्र्याच्या बायकोला कसा मिळाला यावर ती आठ दिवस बोलते आहे.

पत्रास कारण, आपल्या बॉम्बर ग्रुपचं स्मारक होतंय. जिथून आपली विमानं उडायची तिथे आता बीट पिकतं. त्या शेताच्या कडेला दगड बसणार, आणि गावच्या हॉलमध्ये आपल्या 'हट्टी हॅरिएट' विमानाचं नाक लागणार. खरं नाक नव्हे (त्याची तवे-पातेली होऊन चाळीस वर्षं झाली), प्लायवूडचं, आणि ते मी रंगवायचं. माझा हात थरथरतो, पण तो तेव्हाही थरथरायचा असं तुमचं मत होतं. आपलं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरायच्या आदल्या दिवशी सगळ्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे मारायचा हुकूम आला, ब्रश पुरेनात म्हणून आपण झाडू घेतले, ते आठवतं? माझे पट्टे बघून तुम्ही विचारलंत, "ट्विचेल, हे विमान आहे की आजारी झेब्रा?" ते मी अजून मनात ठेवून आहे. राग म्हणून नाही, आठवण म्हणून.

या सगळ्यामागे पार्जिटर नावाचे गृहस्थ आहेत. शाळेत भूगोल शिकवतात. युद्ध संपलं तेव्हा हे पाळण्यात होते, पण आपल्या ग्रुपबद्दल तुमच्या-माझ्याहून जास्त जाणतात. शेपटीवरचा पिवळा पट्टा कोणत्या आठवड्यात रुंद झाला, कोणत्या पडलेल्या विमानाचं ओळखीचं अक्षर नव्याला दिलं, सगळं तोंडपाठ. माझ्याकडे चहाला येतात आणि मी काय रंगवलं ते मलाच सांगतात. एकदा म्हणाले, हॅरिएटचं अक्षर राखाडी होतं. मी म्हटलं, अहो पांढरं, मीच काढलं ना. त्यांनी भिंग काढून फोटो पुढे केला. राखाडी निघालं. (धूळ असणार.) पण खरं सांगू? मला मजा येते. दोन वर्षं ज्या चिखलात आपण उभे होतो तिथे नक्की काय चाललं होतं, हे मला आत्ता कळतंय. हल्ली ते दोन दिवस आले नाहीत तर मीच त्यांच्या दारी जातो.

तर गेल्या महिन्यात एका मंगळवारी ते भिंग घेऊनच आले. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहेच: हल्ला करून विमान परतलं की नाकावर एक पिवळा बॉम्ब, शत्रूला हुलकावणी द्यायला नुसतं हिंडून आलं की बॉम्बाऐवजी बदक. हॅरिएटच्या शेवटच्या फोटोत एकसष्ट बॉम्ब आणि तीन बदकं. झाले चौसष्ट. ग्रुपच्या नोंदवहीत मात्र उड्डाणं पासष्ट, आणि पासष्टही कॅप्टन रॉइस डुफ्रेन यांची, कारण ते हॅरिएटला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

आम्ही शोधाला लागलो. मी म्हटलं, तेरावं असेल, तेरा हा आकडा कोणी तोंडातून काढत नसे, 'बारा-ब' म्हणायचे. पार्जिटर म्हणाले, बारा-बचा बॉम्ब आहे, जरा वाकडा आहे. मी म्हटलं, एखादा सावलीत गेला असेल. सावली दुसऱ्या बाजूला होती. मी म्हटलं, शेवटचा काढायच्या आधीच फोटो घेतला असेल. फोटोची तारीख आठवडाभर नंतरची. माणूस भूगोलाचा आहे, कुठे निसटू देत नाही. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "मग एकच उरतं. एकदा कॅप्टन वाटेतूनच माघारी फिरले. त्याला बॉम्ब मिळत नसे ना?" मिळत नसे, हे खरं.

आणि हे ते स्मारकाच्या पुस्तिकेत छापणार. कॅप्टनना जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांच्या पत्नी, मॅक्सीनबाई, लुइझियानाहून उद्घाटनाला येताहेत. पार्जिटरांनी त्यांना 'माघारीविषयी काही माहिती असल्यास' कळवायला सांगितलं होतं (वाईट हेतू नाही हो, नुसती हौस). त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. रॉइस तसा फिरला असेल, तर मला दगडासमोर उभं करण्याआधी सांगा. लोकांसमोर नको. सार्जंटसाहेब, ते वाचून मी लगेच हे पत्र लिहायला बसलो.

असो. दम्याला जपा.

तुमचा,
हार्लन ट्विचेल

ता.क. कॅप्टन माघारी फिरले नव्हते. मला ठाऊक आहे, कारण तो बॉम्ब मीच काढला नाही. मार्चमध्ये पिवळा रंग संपला म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं, तो संपला नव्हता. मी तो क्वीनीच्या वडिलांना दिला होता. त्यांच्या फाटकाला रंग मिळेल तेव्हा लग्नाचं बोलू, असं ते म्हणाले होते. पाच दिवसांनी नवा डबा आला, तेव्हा चार बॉम्ब काढायचे ते मी तीनच काढले. लग्न ठरलेल्या माणसाला चार कुठले मोजता येतात? तर विनंती एवढीच, की तुम्ही पार्जिटरांना लिहा, रंग वरूनच आला नाही. फाटकाचं नाव नको. रंग मी कोल्चेस्टरच्या दुकानातून आणला असं क्वीनी आजवर समजते. पत्र तिच्याकडेच टपालात टाकायला देतोय, पण पाकीट नीट चिकटवलंय.

आणखी ता.क. (क्वीनीच्या हातचा) सार्जंट, पाकीट किटलीच्या वाफेवर धरलं की उघडतं, हे याला एवढ्या वर्षांत कळलेलं नाही. युद्धात कोल्चेस्टरला रंग मिळत नव्हता, हे आमच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. तुम्हाला या वयात खोटं लिहायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून पत्र मी ठेवून घेतलं आणि पार्जिटरांना सगळं सांगितलं. त्यांनी बाबांचं फाटक खरवडून सातव्या थरातला पिवळा रंग बशीत घालून नेला. इतका सुखी माणूस मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

शेवटचा ता.क. (पुन्हा हार्लन, ९ सप्टेंबर) मॅक्सीनबाई काल आल्या. हॉलमध्ये अजून कोणी नव्हतं तेव्हाच मी टोपी काढून त्यांना सगळं सांगितलं, फाटकासकट. बाईंनी नाकावरचे बॉम्ब बोटाने मोजले. मग म्हणाल्या, रॉइस जन्मभर चौसष्टच सांगायचा. स्वतः त्याने कधी मोजलं नाही, नाकावर होते तेवढे धरले. (आपले कॅप्टन कसे होते तुम्हाला माहीत आहे. बोटभर मासा धरला तर हातभर सांगायचे.) मग त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला आणि राहिलेला बॉम्ब स्वतः काढला. माझ्याहून सरळ आला. मागे सरकून बघत म्हणाल्या, "त्याचं सगळं बोलणं मी अर्धं करून ऐकायची हो. तो चौसष्ट म्हणाला की मी मनात बत्तीस धरायची." आणि तिथेच खुर्चीवर बसून रडल्या.