कहूच्या सालीचा काढा

चिमूर, मार्च १९८६

लटारूभाऊ,

मुलचेऱ्याहून तू धाडलेली कहूची, म्हणजे अर्जुनाची, साल पोचली. आता पुन्हा धाडू नको.

यांच्या रक्तातली चरबी उतरली, हे खरं. "पाह्य वो रुखमा, झाडानंच केलं!" म्हणतात, आणि काढा घेतला की वर मटणाचा रस्सा ओरपतात. काढ्यानं सारं धुऊन निघतं म्हणे! डॉक्टरांच्या गोळ्यांना मात्र हात लावत नाहीत. सहा महिने मीच गोळी कुटून त्या तुरट काढ्यात मिसळते आहे. सालीचाही गुण असेल; मला काय ठाऊक?

भांडण नको म्हणून गप्प राहिले, तीच माझी चूक. काल तुझं पत्र आलं : "भाऊजीचं पाहून मी पण गोळ्या फेकून देल्या, आता फक्त साल." अरे, तुझं हृदय एकदा धोका देऊन गेलं ना? वहिनी जाऊन दोन वर्षं झाली. तुझ्या काढ्यात गोळी कोण मिसळणार?

हे पत्र धाडलं तर तू पारावर मोठ्यानं वाचशील आणि यांच्या कानावर जाईल. म्हणून धाडत नाही. उद्याच्या एसटीनं मीच येते, गोळ्या घेऊन. माझ्यासमोर गिळायच्या.

तुझ्यावर चिडलेली,
रुखमा