तंबूत तुम्ही गप्प बसलात तो दिवस

आबा, काल नातीनं मला भलतंच काहीतरी विचारलं. म्हणाली, "आजी, साऱ्या जगाचे सिनेमे आणि गाणी एकाच भाषेत आली असती तर? समजा, इंग्रजीत?" मी हसून हसून बेजार! कोर्टाच्या कागदांची नि इंजिनाच्या भागांची भाषा ती, तिच्यात कुणी प्रेमाचं गाणं म्हणतं होय? पण मग वाटलं, तसं झालं असतं तर तंबूत सांगणारा कुणाला लागला असता? आणि तुम्ही सांगणारे नसता तर माझं काय झालं असतं? म्हणून लिहायला बसले.

हल्लीच्या पोरांना सांगणारा म्हणजे काय तेही समजावावं लागतं. आपल्या वेळी दौंडला गाडीतून सिनेमाच्या पेट्या उतरायच्या. आज तुर्की, पुढच्या आठवड्यात जपानी, मग ब्राझीलचा. त्यातली एकही भाषा तळेगाव ढमढेऱ्यात कुणाला कळायची नाही, तुम्हालाही नाही! बाजाराच्या दिवशी सकाळी रिकाम्या तंबूत तुम्ही एकदा सिनेमा बघायचा आणि दुपारच्या खेळाला पडद्याशेजारी खुर्ची टाकून, माइक घेऊन, सगळ्यांच्या तोंडचं मराठीत बोलायचं. राजाचं, सासूचं, लहान पोरीचंसुद्धा. जपानी सरदार बायकोला म्हणायचा, "आगं, वांगी इकून आलो, च्या टाक," आणि तंबू खदखदायचा. पुढं मी शिरूरचे, दौंडचे सांगणारे ऐकले. तुमची सर एकालाही नव्हती. बाप म्हणून नाही म्हणत, खरंच नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. कवठे येमाईला दिलेली मी, नवरा तापानं गेला आणि पांढऱ्या कपाळानं तुमच्या दारात परत आले. दौंडच्या पार्सल ऑफिसातला एक भांडगावचा माणूस सिनेमाच्या पेट्या घेऊन यायचा. त्यानं तुमच्याकडं मला सरळ मागितलं. तुमच्या मनात होतं. माझ्याही होतं, आता लाजायचं कशाला! पण तुमचे थोरले भाऊ, आपले आप्पा, सोसायटीचे चेअरमन, ज्यांच्या जागेत तंबू उभा होता, ते फणफणले. "आपल्या घराण्यात बाईचं दुसरं लगीन कवा झालं न्हाई आन् व्हनार न्हाई." तुम्ही खाली मान घालून बसलात. मला तुमचा फार राग आला होता, आबा.

त्याच आठवड्यात तो तुर्की सिनेमा आला. त्यात एक तरणी विधवा असते, आणि शेवटी ट्रंक उचलून ती एका रुबाबदार माणसाबरोबर बोटीत बसून निघून जाते. सकाळी आप्पाही बघायला येऊन बसले होते. बाहेर पडताना तुम्हाला म्हणाले, "ती परक्या गड्याबरूबर जाती असं सांगू नगंस. भाऊ न्यायला आलाय म्हन. न्हाईतर उद्या तंबू उचलायचा." तुम्ही म्हणालात, "व्हय, आप्पा."

दुपारी तंबू गच्च भरलेला. आप्पा पुढच्या खुर्चीत, मी बायकांच्या बाजूला. शेवटचं रीळ लागतं. ती ट्रंक उचलते, तो हात पुढं करतो, तिच्या तोंडावर हसू येतं. आणि तुम्ही माइक मांडीवर ठेवता. तंबूत नुसती मशीनची घरघर आणि ते न कळणारं तुर्की. लोक माना वळवून तुमच्याकडं बघतात. आप्पा दबक्या आवाजात म्हणतात, "आरं, बोल की!" तुम्ही पडद्याकडंच बघत राहता. मग माझ्या शेजारची मेथी विकणारी म्हातारी ओरडते, "आगं बया, नवरा केला की पोरीनं! लई बरं केलं!" दुसरी म्हणते, "जा बाई, जा! सुखात ऱ्हा!" बघता बघता सगळ्या बायका टाळ्या वाजवायला लागतात, मागून गड्यांच्या शिट्ट्या. आप्पांनी तरी कुणाकुणाचं तोंड धरायचं? टाळ्यांत त्यांच्या घरातली आमची काकूही होती.

संध्याकाळी तुम्ही त्यांच्यासमोर उभे राहिलात. "आप्पा, पोर भांडगावला देतोय. तंबू उचलायचा तर उचला." त्यांनी उचललाच. मग म्हातारपणापर्यंत तुम्ही एसटीनं शिरूरला जाऊन दुसऱ्याच्या तंबूत बोललात, आणि माझ्यासाठी हे केलं असं एका शब्दानं कधी म्हणाला नाहीत. असा बाप मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या महिन्यात तो सिनेमा टीव्हीवर लागला, खाली मराठी अक्षरं. मी आणि हे, दोघं म्हातारी, चहाचे कप घेऊन बसलो. शेवटी ती ट्रंक उचलते आणि त्या माणसाला काहीतरी म्हणते. खाली अक्षरं आली, "दादा, घरी चल." भाऊच होता हो तो, आबा! आप्पांचंच बरोबर निघालं! तुम्हाला सकाळीच वाटलं होतं का तसं? आता कुणाला विचारू? ह्यांना चष्म्याशिवाय ती अक्षरं दिसत नाहीत. ह्यांनी मला विचारलं, "काय म्हणाली गं?"

मी म्हटलं, "म्हणाली, तुम्ही न्याल तिकडं येते."

हे खूश झाले. हा कागद आता तांदळाच्या डब्याखाली ठेवते. ह्यांच्या हाती लागायला नको.